बारा ते चार

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे चोवीस माग.
अप्पा गेले त्या आठवड्यात
मल्लेशमनं त्यांची खुर्ची पुसली,
माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसा की."
मी बसले. कडेवर.
पहिलं वर्षभर कडेवरच.

सूत आज उचलायचं की सोमवारी?
मी चन्नबसप्पा मुनिमांना विचारायची,
मग धाकट्या काकांना,
मग इचलकरंजीच्या मावसभावाला,
मग पुन्हा मुनिमांना, थोड्या वेगळ्या शब्दांत,
वेगळं उत्तर येतंय का बघायला.
फोन कानाला चटके देईपर्यंत
भाव चढलेला असायचा.

दिवाळीआधी सगळ्यांचं एकमत झालं: भर गोदाम.
भरलं. महिन्यात सूत गडगडलं.
तेव्हा एकेक जण शांतपणे म्हणाला,
"आम्ही आपलं मत दिलं की. ठरवलंस तू."
मत सात जणांचं,
तोटा एकाच नावावर,
आणि त्या नावाखालची सही
मलाच ओळखू येईना.

त्या रात्री माळ्यावर जेकॉर्डचे जुने पुठ्ठे सापडले,
चादरीवरचा मोर, नुसत्या भोकांचा.
लहानपणी अप्पा दाखवायचे:
भोक असेल तिथं धागा वर उठतो,
नसेल तिथं खाली राहतो.
मागाला 'बघू' म्हणता येत नाही.

एक पुठ्ठा घेतला. मागं पेन्सिलनं तारीख टाकली,
आणि कुणालाही फोन लावायच्या आधी
मला काय वाटतं ते लिहायला बसले.
एका ओळीला पाऊण तास लागला.
'मला वाटतं'च्या पुढं कितीतरी वेळ
कोरा पुठ्ठा,
आणि भोकांतून येणारा दिव्याचा उजेड.

विचारणं सोडलं नाही.
फक्त आधी माझं, मग त्यांचं.

चैत्रात मोजले. एकतीस पुठ्ठे, अकरा चुकलेले.
मस्तानभाई नको म्हणत असताना घेतलेला तो निळा रंग,
तो तर पहिल्याच धुण्यात बादलीत उतरला.
पण अक्षर माझं होतं.
दिसत होतं हात कुठं घसरतो:
घाई झाली की,
आणि कुणी "पोरी" म्हणालं की.
वीस बरोबर आले त्यापेक्षा
या अकरांनीच मला जास्त धीर दिला.
का, ते नीट सांगता येणार नाही.

मग वैशाख. पारा चव्वेचाळीसवर.
पत्र्याखाली कांड्या भरता भरता
अंबूबाई चिलवेरी बसल्या जागी कलंडली.
नळाला पाणी चार दिवसांआड,
शेडमध्ये माठ एकच,
आणि हॉटेलवाल्यांचे सहा हजार टॉवेल पंधरा तारखेला.
मी लिहिलं:
बारा ते चार माग बंद. मजुरी चालू.
हात कापला नाही असं म्हणणार नाही.

मग फोन केले.
शेजारचा कारखानदार म्हणाला, तू आमचे कामगार बिघडवणार.
मुनिमांनी काहीच न म्हणता
दंडाचा आकडा काढून दिला, लाल शाईत.
काका म्हणाले, "अप्पांनी असं केलं नसतं."
खरं होतं ते. नसतंच केलं.
ते वाक्य मी
कडक भाकरीच्या तुकड्यासारखं तोंडात घोळवलं,
मऊ व्हायला वेळ लागला,
पण पुठ्ठ्यावरचं खोडलं नाही.

पहिल्या दिवशी बाराला माग एकेक करत थांबले.
शेवटचा धोटा थांबल्यावर
बाहेर कडुनिंबावर होला घुमत होता.
रोजच घुमत असेल.
बायका भिंतीच्या सावलीला आडव्या झाल्या,
तेलुगूत हळू आवाजात काहीतरी बोलत,
त्यात एकदा माझं नाव आलं.
पुढचं ऐकू आलं नाही. उठून विचारलंही नाही.

टॉवेल तीन दिवस उशिरा गेले.
दंड बसला.
पुढची ऑर्डर अजून आलेली नाही,
येईल, न येईल.
त्या पुठ्ठ्यावर बरोबर की चूक
ती जागा मोकळीच आहे.

आज जाताना मल्लेशम दारात थांबला.
"उद्या पण बारालाच ना?"
फोन टेबलावर पालथा पडला होता.
"बारालाच," म्हटलं, आणि मागं टेकले.
तेव्हा कळलं, अप्पांच्या खुर्चीचा मागचा एक पाय
पहिल्यापासून डुगडुगतोय.